शटर बंद असताना

उज्जे,

तुझा तो जाड कोट माझ्याकडेच राहिलाय. शिरूरला त्याचा काही उपयोग नाही. इथं फेब्रुवारीतच पंखे फिरायला लागतात. परवा सासूबाईंनी तो गच्चीवर उन्हात टाकला, तर शेजारच्या बाई विचारायला आल्या, "एवढी जाड गोधडी कुठनं आणली गं?" मी म्हटलं, मैत्रिणीची आहे. 'आहे' म्हटलं. तोंडाला अजून सवय झालेली नाही.

कॉलेजच्या मंडळींनी अंकासाठी तुझ्यावर लेख मागितला होता. जन्म, शिक्षण, परदेशातला हुद्दा, एक फोटो. तो मी लिहून दिला. छापून आल्यावर वाचला तर वाटलं, तू हा वाचला असतास तर विचारलं असतंस, "ही कोण बाई गं? लई शहाणी दिसतीय." म्हणून हे दुसरं लिहायला घेतलंय. हे कुठल्या अंकासाठी नाही.

आपली ओळख भांडणातून झाली, हे त्या लेखात घालता येत नव्हतं. एम.एस्सी.च्या पहिल्याच महिन्यात लेसरच्या प्रयोगाला आपल्याला एका टेबलावर बसवलं. मी केंदूरची, तू दौंडच्या रेल्वे क्वार्टरमधली. पुण्यातल्या पोरींमध्ये आपण दोघीच 'तिकडच्या', म्हणून सरांनी जोडी लावली असणार. भिंतीवर लेसरचा लाल डाग पडला होता आणि त्यात बारीक बारीक ठिपके चमचमत होते. मी म्हटलं, भिंतीचा चुना खडबडीत आहे म्हणून. तू म्हणालीस, चुन्याचं काही नाही, हा प्रकाशाचाच गुण आहे. आपण प्रयोग सोडून त्यावरच भांडलो. शेवटी सर म्हणाले, दोघींचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. खडबडीत भिंत पाहिजे आणि एका तालातला प्रकाशही पाहिजे, तेव्हा ठिपके दिसतात. तुला ते अर्धं बरोबर अजिबात पटलं नाही. हॉस्टेलला जाईपर्यंत तू माझ्याशी बोलली नाहीस.

पुढं तू त्या ठिपक्यांच्याच मागं गेलीस. मी लग्न करून शिरूरला आले आणि रांजणगावच्या एका कंपनीत मटेरियल लॅबमध्ये लागले. मोडलेले, तुटलेले, चिरलेले पार्ट माझ्या टेबलावर येतात आणि ते का तुटले ते मी सांगायचं. हे काम मला आवडतं. तुझा दर रविवारचा फोन त्याच प्रश्नानं सुरू व्हायचा: "मग सुमे, ह्या आठवड्यात काय तुटलं?" इतकी वर्षं विचारलंस. तू तिकडं जगभरच्या माणसांत वावरत होतीस, पण माझं काम लहान आहे असं तुझ्या बोलण्यात एकदाही आलं नाही. याबद्दल मी कधी काही बोलले नाही. आपण आभार मानणाऱ्यांतल्या नव्हतोच.

त्याच फोनवर मी तुला ब्रॅकेटचं सांगितलं. गाडीत बसणारा ॲल्युमिनियमचा साधा ब्रॅकेट. तयार होतो, तपासला जातो, पास होतो आणि स्टोअरच्या रॅकवर जाऊन बसतो. दोन-तीन महिन्यांनी काढून बघावं तर त्यातल्या काहींना तडा. वजन नाही, धक्का नाही, नुसता ठेवल्या जागी. आमचे प्लांटचे साहेब ठाम होते की स्टोअरची पोरं पार्ट आदळतात. दोघांना घरी बसवायची भाषा चालू होती. मी तडा मायक्रोस्कोपखाली पाहिला होता. आदळल्याची काही खूण नव्हती. पण मग झालं काय, तेही सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, उज्जे, मला वाटतं आतमध्ये धातू हळूहळू हलत असणार. थंड, घट्ट, रॅकवर ठेवलेला, तरी हलत असणार. पण ते बघायचं कसं?

तू मग म्हणालीस, "हे माझ्याकडं बघता येईल."

तुझ्याकडं म्हणजे तुझ्या बीमलाइनवर. मला ती आधी नीट कळलेली नव्हती. तू मला ती दौंडच्या राखीव पोलिसांच्या मैदानावरच्या कवायतीचा दाखला देऊन समजावून दिलीस. एखाद्या वस्तीएवढं गोल यंत्र. त्यात इलेक्ट्रॉन प्रचंड वेगानं फिरतात आणि वळताना एक्स-रे सोडतात. गोलाच्या कडेनं खोल्या. प्रत्येक खोलीत त्या एक्स-रेचा एक झोत घेऊन कुणी ना कुणी काहीतरी बघत बसलेलं. "जुन्या यंत्रातला झोत म्हणजे बाजारातली गर्दी," तू म्हणालीस. "माणसं भरपूर, पण जो तो आपल्या चालीनं. आम्ही आता सगळी चुंबकं काढून नवी बसवतोय. मग झोत कवायतीतल्या तुकडीसारखा निघेल. सगळी पावलं एकदम." त्या एका पावलात चालणाऱ्या एक्स-रेला तुम्ही कोहेरंट म्हणता. तसा झोत धातूच्या पट्टीवर टाकला की पडद्यावर ठिपक्यांची नक्षी पडते. आतले अणू जसे बसलेत तशी ती नक्षी. अणू तसूभर सरकले की नक्षी बदलते. अणू प्रत्यक्ष दिसायची गरज नाही. नक्षी बदलली का, एवढंच बघायचं.

यंत्र दीड वर्ष बंद राहणार होतं. तेवढ्यात आपण अर्ज केला, त्यात माझं नाव पहिलं घातलंस, माझ्या कंपनीची परवानगी काढायला साहेबांशी तूच फोनवर बोललीस. मी पट्ट्या घासून पाठवायला लागले. पहिल्या पट्ट्या बघून तू म्हणालीस, "हे पॉलिश आहे का नांगरट?" मी कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पातळ पट्ट्या करायला शिकले. त्यात बरेच महिने गेले. या महिन्यांत कधीतरी तुझं पोट दुखायला लागलं होतं. ते तू सांगितलं नाहीस.

मला कळलं ते तुझ्या आप्पांकडून. एके दिवशी लॅबमध्ये फोन आला. आप्पा मला सहसा फोन करत नाहीत. म्हणाले, "सुमन, उज्ज्वला आलीय घरी. तू येऊन जा." मी म्हटलं, अशी अचानक कशी? तर म्हणाले, "आलीय. तू ये." न्हावऱ्यावरून चौफुल्याला आणि तिथून दौंडला, सबंध रस्ताभर मी तुझ्यावर चिडलेली होते, की न सांगता आली. गोपाळवाडीच्या रस्त्याला आप्पांनी रिटायर झाल्यावर बांधलेलं ते घर. तू पुढच्या खोलीत कॉटवर बसली होतीस. मनगटं एवढीशी झालेली. मी दारातच थांबले. तू म्हणालीस, "असं बघू नको. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. तिकडं जेवढं करता येत होतं तेवढं केलं. आता मला इथलं पाणी प्यायचं होतं." आणि लगेच, "पट्ट्या झाल्या का?"

मी त्या दिवशी तुला भरपूर बोलले. आठवतंय ना? इतके महिने रविवारी रविवारी माझ्याशी ब्रॅकेटचं बोलत होतीस, आणि हे लपवलंस. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "सांगितलं असतं तर तू ब्रॅकेटचं बोलली नसतीस. आणि मला तेच बोलायचं होतं."

ते भांडण तिथंच राहिलं. मला ते अजून पटलेलं नाही.

नंतर मी दर सुट्टीला यायला लागले. त्या दिवसांतली एक दुपार मला सांगायचीय, कारण ती तुला ठाऊक असली तरी नंतर काय झालं ते कळायला ती हवी. तुझी आत्या आली होती मदतीला. आप्पांची थोरली बहीण, आप्पा तिला आक्का म्हणतात. आक्का स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "एवढं शिकून तू तिकडं करतीस काय, ते येकदा तरी सांग बाई." तू मला कपाटातून लेसर पॉइंटर काढायला लावलास. काचेच्या पेल्यात पाणी, त्यात थोडं दूध. खिडकी लावून घेतली. लेसर पेल्यातून भिंतीवर पाडला. भिंतीवर नुसता धूसर लाल डाग, आतमध्ये काहीतरी उकळतंय असा.

"ह्यातले दुधाचे कण सारखे पळतायत," तू म्हणालीस. "म्हणून ठिपके ठरत नाहीत."

मग दुसऱ्या पेल्यात नुसतं कोमट दूध घेऊन त्याला विरजण लावलं आणि तो तिथंच ठेवला. आक्का कंटाळून भाकऱ्या थापायला गेल्या. आप्पा मात्र खुर्ची ओढून बसले. दुपार कलली, दही लागलं, आणि तू परत लेसर लावलास. भिंतीवर ठिपके स्वच्छ उमटलेले, एकही हलत नव्हता.

आप्पा उठून भिंतीजवळ गेले. बोटानं एक ठिपका धरल्यासारखं केलं. म्हणाले, "म्हंजी आत काय चाललंय ते भितीवर कळतं."

"तेवढंच काम आहे आप्पा माझं," तू म्हणालीस.

आक्कांनी बाहेर येऊन बघितलं आणि म्हणाल्या, "दही लागलं का न्हाई ते बोट घालून बी कळतं." तू इतकी हसलीस की पोटाला धरून आडवी झालीस. त्यानंतर आप्पा रात्रीच्या दह्याला आधी लेसर लावून बघायचे, हे तू मला फोनवर सांगितलंस.

यंत्र सुरू झालं. नव्या झोताचे पहिले फोटो तुला मोबाइलवर आले. तू मला दाखवलेस. मला त्यात एक बारीक पांढरा ठिपका दिसला. तू तो बोटांनी मोठा करकरून बघत होतीस. डोळे भरले वगैरे काही नाही. "उभ्यात बरोबर आहे. आडव्यात अजून जाड आहे," एवढंच म्हणालीस आणि तिकडं तसा मेसेज केलास. तुझी जागा आता मार्ता बघत होती, तुझ्या हाताखालची. आणि आपल्याला यंत्रावर वेळ मिळाली. थोड्याच दिवसांत, आठवडाभराची.

"तू जा," तू म्हणालीस.

"मी नाही जाणार."

"का?"

"का म्हणजे काय? तुला अशी टाकून?"

"मी काय रस्त्यावर पडलेय का? आप्पा आहेत, आत्या आहे. तू इथं बसून काय करणार? माझ्या तोंडाकडं बघणार. ते सगळेच बघतात."

"पुढच्या वेळी करू."

"पुढची वेळ कधी मिळंल ते कुणाला माहीत? आणि माझ्याकडं तर नाहीच. ते मी मोठ्यानं बोलत नाही, कारण आप्पा ऐकतायत."

आप्पा ऐकतच होते. दारातून म्हणाले, "जा पोरी. ती ऐकायची न्हाई. तू हितं राहिलीस तर तुझ्यावर चिडचिड करूनच दमंल."

मग तू आक्कांना ट्रंक उघडायला लावलीस आणि तो कोट काढून दिलास. मी तो चाचपून बघत होते तर म्हणालीस, "बाहेर घाल. आत खोलीत गरम असतं." निरोप एवढाच. मी वळून म्हटलं, येते मी. तू म्हणालीस, "पट्ट्या हातातल्या बॅगेत ठेव. सामानात टाकू नको."

तू मला खरोखर पट्ट्यांसाठी पाठवलंस, की शेवटचे दिवस मी बघू नयेत म्हणून, ते विचारायचं राहिलं. प्रवासभर मला वाटत होतं, परत आल्यावर विचारीन. विचारलं असतं तरी तू सरळ उत्तर दिलं नसतंस म्हणा.

तिथं तुझी माणसं बरी आहेत. मार्तानं मला स्टेशनवरून नेलं. पहिल्या दिवशी म्हणाली, तुला दुपारी वेळेवर जेवायला बसवायचं अशी उज्ज्वलाची सक्त सूचना आहे. कंट्रोल रूममध्ये पडद्यावर यंत्राचे भाग हलवणाऱ्या मोटारींची नावं दिसत होती. सगळी आकडे-अक्षरांची, आणि मधेच दोन: भीमा आणि घोड. झोत बारीक करणाऱ्या दोन फटींच्या मोटारी. मी मोठ्यानं हसले. मार्ताला त्या आपल्या दौंड-शिरूरच्या नद्या आहेत हे माहीत होतं, पण तिला 'घोड' म्हणता येत नव्हतं. ती 'गोड' म्हणायची. दिवसभर "आता गोड थोडी बंद करते," असं चाललेलं.

पट्टी एका छोट्या हीटरवर बसवली आणि आमच्या स्टोअरच्या पत्र्याखाली मे महिन्यात जेवढं तापतं, तेवढं तापमान ठेवलं. बाहेर खिडकीत बर्फ. आपली पट्टी शिशाच्या भिंतींच्या खोलीत आणि आम्ही बाहेर. मार्तानं झोत सोडला. पडद्यावर ठिपके उमटले, दह्याच्या वेळी उमटले होते तसेच स्वच्छ. जेवून आलो तोवर नक्षी किंचित बदललेली होती. संध्याकाळपर्यंत बरीच. अणू सरकत होते. घट्ट ॲल्युमिनियमच्या आत, कुणी हात न लावता.

मी तुला व्हिडिओ कॉल लावला. आप्पांनी मोबाइल तुझ्यासमोर धरला होता. तुझा चेहरा चार दिवसांत आणखी उतरलेला होता, पण तू विचारलंस, "झोत किती ठेवलाय?" मी सांगितलं. तू डोळे मिटलेस. मला वाटलं झोपलीस.

"घाई करू नको सुमे," तू म्हणालीस. "तो बीम आहे."

"म्हणजे?"

"इतका प्रखर झोत आम्ही पहिल्यांदा सोडतोय. त्याच्या माऱ्यानंच आतलं हलत असणार. तुझा धातू गप बसलाय. माझा बीम त्याला हलवतोय."

"अगं, रॅकवर कुठं बीम होता? तिथं तडे गेलेच ना?"

"तडा वेगळा, हे वेगळं. मी हा झोत बांधलाय, मला माहितीय. काचेत असंच होतं. बघायला जावं तर बघण्यानंच बिघडतं."

"धातूत होत नाही."

"होत नाही हे तू करून बघितलंयस का? झोताचं शटर बंद कर. अंधारात ठेव तशीच. मग उघडून बघ. नक्षी होती तशीच सापडली तर बीम. बदललेली सापडली तर तुझं खरं." मधे तुला दम लागला. "तोवर काही बोलू नको."

"मी सांगते ना..."

"चुकतीयस तू. बंद करून बघ."

मग मोबाइल हलला, छत दिसलं, आणि आप्पांचा आवाज आला. "दमली गं ती. उद्या बोल."

हे तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं. आमच्याकडं कुणी विचारतं, शेवटी काय बोलली? मी सांगते, तब्येतीचं बोललो. दुसरं काय सांगू?

दुसऱ्या दिवशी आम्ही तू सांगितलंस तसंच केलं. सकाळी एक नक्षी घेतली, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवलं, आणि मार्तानं शटर बंद केलं. काही तास नुसतं थांबायचं होतं. असं थांबणं मला कधी जमलेलं नाही. मी हीटरच्या तापमानाचा आकडा बघत बसले. मार्ता कॉफी घेऊन आली. दुपार झाली होती. आप्पांचा फोन आला.

"सुमन, गेली गं," आप्पा म्हणाले.

पलीकडं आक्कांचा आवाज येत होता. मग आप्पांनी विचारलं, "तुझं काम चालू हाय न्हवं?"

"हो आप्पा."

"चालू दे. आम्ही तुझ्यासाठी थांबत न्हाई. तू घाई करू नगंस."

मार्ताला माझ्या तोंडावरूनच समजलं. ती रडायला लागली. तुझ्याबरोबर तिनं एवढी वर्षं काढली होती. थोड्या वेळानं तिनं विचारलं, थांबवू का? मी पडद्याकडं बघितलं. थांबवण्यासारखं काही चालूच नव्हतं. झोत बंद होता. पट्टी अंधारात होती. मी म्हटलं, वेळ होऊ दे.

आम्ही बसून राहिलो. ती मधे उठून बाहेर जाऊन आली. मला रडू येत नव्हतं. मला सारखं वाटत होतं की तुला विचारायचंय, पट्टीवर झोत परत बरोबर त्याच जागी पडेल याची खात्री कशी करायची. हे तू आदल्या दिवशी सांगितलं नव्हतंस. मग मार्ताला विचारलं. तिनं ते आधीच केलं होतं, तूच तिला शिकवलं होतंस.

वेळ झाल्यावर ती म्हणाली, तू उघड. मी बटण दाबलं.

नक्षी बदललेली होती. झोत चालू असताना तेवढ्या वेळात जेवढी बदलली असती, तेवढीच. उरलेल्या दिवसांत आम्ही दुसऱ्या पट्टीवर केलं, मग झोत अगदी मंद करून केलं. तेच आलं. धातू आपला आपण हलत होता. तुझ्या झोताचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. तो नुसता बघत होता.

तू चुकली होतीस, उज्जे.

इतक्या वर्षांत मी तुझ्याशी एवढं सरळसरळ एकदाही जिंकले नव्हते. अर्ध्यावरच तुटायचं आपलं. आणि जिंकल्यावर पहिलं मनात आलं ते तुला फोन करायचं. मोबाइल हातात घेतलासुद्धा. तुझं नाव वरतीच होतं. त्या वेळी मग रडू आलं, आणि मार्तानं मला तिथंच खुर्चीवर बसवून दरवाजा लावून घेतला.

परत आले तेव्हा दौंडला तुझा अंत्यविधी होऊन गेला होता. दशक्रियेला नदीवर माणसं पुष्कळ होती, रेल्वेतली जुनी मंडळी सगळी आली होती. मी माझं बोलत नाही. आप्पांचं सांगते, कारण ते तुला कळायला हवं.

आप्पा झोपत नव्हते. आक्कांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, रात्रभर खुर्चीत बसत्यात. आणि लगेच पुढं, "त्या एक्सऱ्यांनीच पोर खाल्ली बघ. किती येळा म्हनलं, असलं काम नगं." हे त्या मला म्हणाल्या, पण मोठ्यानं, आणि आप्पा ओट्यावर होते. ही कुजबुज आधीपासूनच चाललेली असणार. नदीवरही दोघं-तिघं तेच बोलत होते.

मी ओट्यावर जाऊन बसले. आप्पा रस्त्याकडं बघत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "सुमन, तुला खरं म्हाईत असंल. त्या किरणांनीच झालं का? तिला तिकडं धाडलं मीच. तिची आई हुती तवा, ती न्हाई म्हणत हुती."

मी त्यांना ती खोली सांगितली. शिशाच्या भिंती. झोत सोडायच्या आधी एका माणसानं आत जाऊन कोपऱ्या-कोपऱ्यातली बटणं दाबत फिरायचं, म्हणजे आत कुणी राहिलं नाही हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय ती दाबलीच जात नाहीत. मग बाहेर येऊन दार लावायचं. दाराला कुलूप पडतं, भोंगा वाजतो. ते सगळं झाल्याबिगर झोताचं शटर उघडतच नाही. आणि झोत चालू असताना कुणी दार ओढलं तर झोत आपोआप बंद. आप्पांनी मान वळवली. त्यांची सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नलमध्ये गेलेली.

"म्हंजी इंटरलॉकिंग," ते म्हणाले.

"तेच आप्पा."

"गेट लागल्याबिगर सिग्नल पडत न्हाई."

"अगदी तसंच. माणूस आत असताना झोत येऊच शकत नाही. आणि छातीला एक बिल्ला असतो, किरण लागले तर त्यावर कळतं. मीही लावला होता. तिचा इतक्या वर्षांत कायम कोरा आलाय. मी मार्ताला विचारून घेतलं."

रस्त्यानं उसाचा एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज पार लांब जाईपर्यंत आप्पा तसेच बसले होते.

"मंग कशानं झालं?"

"कशानं ते कुणालाच सांगता येत नाही आप्पा. डॉक्टरांनाही नाही. होतं कुणाला तरी."

ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, "आन् तुमचं ते काय निघालं? त्या दिवशी ती म्हणत हुती किरणांमुळं हलतंय, आन् तू म्हणत हुतीस आपोआप. मी फोन धरून ऐकत हुतो."

एक क्षण मला वाटलं, तुझं बरोबर निघालं असं सांगावं. ते तुझे वडील. पण त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की ते जमलं नाही.

"आपोआपच आप्पा. तिचे किरण काहीच करत नव्हते."

"बरं झालं," आप्पा म्हणाले. ते नेमकं कशाला म्हणाले, ते मी विचारलं नाही. आत गेल्यावर त्यांनी आक्कांना सांगितलेलं मला बाहेर ऐकू आलं: "आक्का, आजपासनं घरात किरणांचं नाव काढायचं न्हाई. त्यांचा काय बी दोष न्हाई." त्या रात्री ते कॉटवर आडवे झाले आणि घोरायला लागले. आक्कांनी मला दार लोटून दाखवलं.

घाईनं थंड केल्यानं आत ताण राहतो आणि तो अणू सरकवतो, म्हणून कंपनीत आता भट्टीतून काढल्यावर ब्रॅकेट थंड करायची पद्धत बदललीय. स्टोअरच्या पोरांचं नाव कुणी काढत नाही. रॅकवर तडे अजून मिळतात, पण कमी. साहेब म्हणाले, तुमच्या मैत्रिणीला आमचे आभार कळवा. मग त्यांना आठवलं. मी म्हटलं, कळवते.

मार्ता आणि मी शोधनिबंध लिहायला बसलोय. तुझं नाव पहिलं घालायचं म्हणते ती, आणि मी हो म्हटलंय. तू अर्जात माझं पहिलं घातलं होतंस, त्याची फेड नव्हे. प्रयोग तुझाच आहे. शटर बंद करायचं तुलाच सुचलं होतं.

पण तू असतीस तर इतक्यात मानलं नसतंस, हे मला ठाऊक आहे. आकडे बघून आधी आक्षेप काढला असतास. एक तर मला तुझ्याच आवाजात ऐकू आला: शटर बंद केल्यावर झोताची ऊबही गेली, म्हणजे पट्टी किंचित गार झाली असणार, तो फरक धरलास का? मी तापमानाचे सगळे आकडे काढून तपासले. फरक नगण्य आहे, त्यानं काही बिघडत नाही. मार्तानंही पुन्हा बघितलं.

आता दुसरा आक्षेप शोधतेय. रोज घरी आल्यावर थोडा वेळ बसते, कागद समोर घेऊन. काही सुचत नाही. तुला सुचला असता.